मीटरच्या पेटीमागचं कार्ड

आमच्या घरात कधी कुणी मेलं नाही, निदान तारेवर तरी नाही. ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती पन्नाशी ओलांडल्यावर, आणि तीही दुसऱ्या कुणी दाखवून दिल्यावर. सुजाता नावाची एक तरुण प्राध्यापिका आहे. ती आणि तिच्याबरोबरचे काही जण शहरातल्या घराघरांतून जुने कागद, फोटो, लग्नपत्रिका, पोस्टकार्डं मागून आणतात, यंत्रावर त्यांच्या प्रती काढून घेतात आणि मूळ कागद ज्याचे त्याला परत करतात. माझ्याकडं वडिलांची पत्रांची तार होती. खाली लाकडाची चकती, मधून उभी जाड तार, वर आकडा. कार्ड आलं, वाचलं, उत्तर लिहिलं की वडील ते तारेत खुपसायचे. सगळ्यात खाली पणजोबांच्या वेळची खुलताबादहून आलेली उर्दू कार्डं, सगळ्यात वर मला नोकरी लागल्यावर आलेली अभिनंदनाची. प्रत्येकाच्या पोटात भोक. सुजाता दोन रविवार माझ्या गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये बसून ती एकेक काढत होती. तिसऱ्या रविवारी चहा घेताना म्हणाली, "काकू, एक विचारू? बारशी आहेत, मुंजी आहेत, बदल्या आहेत, म्हैस व्यायल्याचंसुद्धा कार्ड आहे. मयताचं एकही नाही. तुमच्यात कुणी मरत नाही का?"

"मरतात," मी म्हटलं. "कार्ड फाडून टाकतात."

मग तिला सांगावं लागलं. शुभ कार्डाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावायचे आणि मयताच्या कार्डाचा कोपरा फाडायचे, म्हणजे हातात पडताच कळावं. असं कार्ड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. बाहेरच वाचायचं, बाहेरच फाडायचं, मग अंघोळ करून घरात यायचं. सुजाता म्हणाली, "आमच्याकडं उलटं आहे. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच सुतकबितक सोडलं. त्यांनी सगळी कार्डं ठेवली. मयताचीच जास्त आहेत. त्यांच्यावरून तर आम्ही कोण कुठं होतं ते जुळवलं." मला तिच्या आजोबांचं पटलं. पण आमच्या घरातलं असं एक कार्ड लगेच फाडलं गेलं नव्हतं. ते आठवडाभर दाराबाहेर राहिलं. त्या आठवड्याबद्दल लिहून ठेवायचं आहे, कारण ते माहीत असलेली आता मी एकटीच आहे.

आम्ही तेव्हा औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या तीन खोल्यांत राहायचो. वडील सरकारी कचेरीत कारकून, आई घरात, माझ्याहून चार वर्षांनी मोठी शैलाताई आणि मी. शहर वाढत होतं आणि पाणी आटत होतं, दोन्ही एकाच वेळी. चिकलठाण्याच्या बाजूला कारखान्यांच्या पाट्या लागत होत्या, गारखेड्यात मोकळ्या रानावर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडत होते, आणि गल्लीतल्या नळाला चार दिवसांआड येणारं पाणी आठ दिवसांआड यायला लागलं होतं. मग तेही गेलं आणि टँकर आला. टँकर पडेगावकडच्या कुठल्याशा विहिरीवरून भरून यायचा आणि कधी येईल याचा नेम नसायचा. हॉर्न ऐकला की हातातलं टाकून पळायचं. आई कणीक तिंबता तिंबता उठायची, तिचे पिठाचे हात बादलीच्या कडीला लागायचे आणि ते पीठ तिथंच वाळून राहायचं. आजही रस्त्यात तसला हॉर्न वाजला की माझा पाय आधी पुढं पडतो, मग मला हसू येतं.

जेवणही पाण्याच्या हिशेबानं ठरायचं. पालेभाजी बंद, कारण ती धुवावी लागते. भाकरी, लसणाची चटणी, आणि रोज येसराची आमटी. धान्य आणि मसाला एकदा भाजून दळून येसराचं पीठ करून ठेवलं की वाटीभर पाण्यात चार जणांची आमटी होते. ताटं राखेनं घासून फडक्यानं पुसायची. तांदूळ धुतलेलं पाणी आमटीत, आणि हात धुतलेलं पाणी बादलीत साठवून मोरीत. रोज घरात त्याच आमटीचा वास असायचा. आता कौतुकानं कुणी येसराची आमटी केली तर मी वाढून घेते, पण दुसऱ्यांदा घेत नाही.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी शैलाताईचं लग्न ठरलं होतं. मुलगा नाशिकचा, नोकरीचा, आणि मुलाची आई कडक. लग्न आधी वैशाखात होतं. पाण्याची सोय होईना म्हणून वडिलांनी ते एकदा पुढं ढकलून घेतलं होतं. त्यावर नाशिकहून जे कार्ड आलं ते अजून तारेवर आहे. त्यात नमस्कार आहे, आशीर्वाद आहेत, आणि शेवटी एक ओळ आहे की आता यापुढं काही अडचण निघाल्यास आम्हांस वेगळा विचार करावा लागेल. आता ठरला होता तो चातुर्मासाआधीचा शेवटचा मुहूर्त होता. वडिलांनी कचेरीतल्या ओळखीनं त्या दिवसासाठी टँकरचा शब्द घेऊन ठेवला होता. शब्द त्या एका दिवसाचा होता, दुसऱ्या कुठल्या दिवसाचा मिळणार नव्हता. त्यामुळं लग्न झालं तर त्या दिवशी, नाहीतर नाही. शैलाताईला मुलगा आवडला होता. ती हे कुणाला बोलली नाही, पण त्याचा फोटो तिनं स्वयंपाकघरातल्या पंचांगात घालून ठेवला होता आणि दिवसातून दहा वेळा तिला तिथी बघायची असायची.

आईचं माहेर परभणीच्या पलीकडं, एसटीनं दिवस जाईल इतकं लांब. तिथं नाना, म्हणजे आईचे वडील, आणि गोविंदमामा. आजी मी लहान असतानाच गेली होती. मामानं लग्न केलं नव्हतं. तो गावच्या शाळेत मास्तर होता आणि सुट्टीत शेती बघायचा. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं माहेरचं प्रत्येक कार्ड मामाच्या हातचं. त्याची एक रीत होती. आधी कार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, शब्द संपला तरी रेघ तुटायची नाही. ओळीच्या ओळी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या दिसायच्या. दुसऱ्या कुणाच्याही अक्षरापासून ते लांबूनही वेगळं ओळखू यायचं. दरवर्षी भाऊबीजेला तो पिशवीभर जोंधळा आणि शेंगा घेऊन यायचा, दोन दिवस राहायचा, आमच्या वह्या तपासायचा आणि जायचा. फार बोलका नव्हता. शैलाताईच्या लग्नाला मात्र तो यायचाच होता. मुलीच्या पाठीमागं मामा उभा राहतो, त्यावाचून आमच्यात अक्षता पडत नाहीत.

लग्नाला आठवडा राहिला होता. दुपारची वेळ, शैलाताई शेजारच्या रझियाखालाकडं ब्लाउज शिवायला बसलेली, आई मागच्या खोलीत शेवया मोडून डब्यात भरत होती. गफूरचाचा पोस्टमन सायकलची घंटी न वाजवताच आला. फाटकापाशी उभा राहून त्यानं मला खुणेनं बोलावलं आणि कार्ड दिलं.

"बेटा, इधरीच पढना," तो हळू म्हणाला. "अंदर नक्को ले जाना."

कोपरा फाटलेला होता. मी कार्ड उलटं करून वाचलं. सुरुवात नमस्कारानं होती, मग कळविण्यास अत्यंत दुःख होते की, मग विहिरीचा गाळ काढून खोलीकरणाचे काम चालू असता वरची दरड कोसळून श्री. गोविंदराव यांचे निधन झाले. नाना बरे आहेत. आपण धीर धरावा. खाली मामाच्या शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांची सही. मी ते एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची गरज पडली नाही, आजही पडत नाही. मला काय वाटलं हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण खरं सांगायचं तर काही वाटलं नाही. ऊन होतं, गफूरचाचाची सायकल कोपऱ्यावरून वळत होती, आणि मला तहान लागली होती.

मान वर केली तर आई समोर, दोन हातांवर, उंबऱ्यात उभी होती. तिच्या हातांना शेवयांचा चुरा लागलेला होता.

"थांब," ती म्हणाली. "तोंड उघडू नकोस."

"आई, अगं..."

"उघडू नको म्हटलं ना. मी काही ऐकलं नाही. ऐकलं नाही तर लागत नाही."

तेवढंच. सुतकाचा नियम तिला पाठ होता. बातमी कानावर पडली की सुतक लागतं, पडेपर्यंत लागत नाही. आणि मयताची बातमी ऐकून लग्न उभं केलं असतं तर नाशिकचे अपशकुन म्हणाले असते, थांबवलं असतं तर वेगळा विचार म्हणाले असते. हा सगळा हिशेब ती उंबऱ्यात उभ्या उभ्या, मला वाटतं, दोन श्वासांत करून मोकळी झाली. मग म्हणाली, "ते मीटरच्या पेटीमागं खोच. पार आत. शैलाला दिसता कामा नये. आणि हातपाय धुऊन ये."

"अंघोळ?"

"पाणी कुठंय अंघोळीला? हातपाय धू."

दाराबाहेर भिंतीवर विजेच्या मीटरची लाकडी पेटी होती, तिच्या आणि भिंतीच्या मधे बोटभर फट. मी कार्ड तिथं सरकवलं. एक कड जराशी बाहेर राहिली.

संध्याकाळी वडील कचेरीतून आले आणि चपला काढता काढता थांबले. त्यांना कार्ड लगेच दिसलं. कुठंही कार्ड असलं की त्यांना दिसायचंच.

"दारात काय खोचलंय?"

"कार्ड आहे," आई आतून म्हणाली.

"वाचलं?"

"मी नाही वाचलं."

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी चपला भिंतीशी नीट लावून ठेवल्या आणि आत गेले. आलेल्या कार्डाला दुसऱ्या दिवसाच्या आत उत्तर न लिहिता ज्यांना जेवण गोड लागत नसे, ते माझे वडील त्यानंतर आठवडाभर त्या पेटीखालून गेले आणि आले, आणि एकदाही वर पाहिलं नाही.

आईनं मला मात्र घरात ठेवलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं ठरवून टाकलं. "तू टँकरला बस. पिंपं भरून घ्यायची जबाबदारी तुझी. घरात येऊ नको सारखी."

"का?"

"तुझं तोंड वाचता येतं," ती म्हणाली आणि परातीकडं वळली.

त्या आठवड्यात ती माझ्याशी बोलली ती पाठमोरी, नाहीतर माझ्या खांद्याकडं बघत. वाढायची तेव्हा ताटाकडं बघायची. मी समोर आले की तिला काहीतरी फडताळातून काढायचं असायचं. मला तेव्हा वाटायचं की तिला माहीत नाही कोण गेलं ते, आणि माझ्या तोंडावरून कळेल या भीतीनं ती बघत नाही. नाना म्हातारे, आजारी. तिच्या मनात नानाच असणार. मी मनातल्या मनात तिच्यासाठी नाना जिवंत ठेवत होते आणि तिच्याकडं बघून एवढंच म्हणत होते की नाना आहेत, नाना आहेत. हे तिला कुठल्याच मार्गानं सांगता येत नव्हतं.

म्हणून मी टँकरच्या रांगेत बसून राहिले. रांगेत माणसं नसायची, घागरी, डबे आणि पिंपं असायची आणि त्यांच्या सावलीत आम्ही. रझियाखाला तिचं पितळी भांडं माझ्या पिंपाला टेकवून बसायची.

"क्या गे छाया, मुँह कायकू सुजाको बैठी? शादी तेरी दीदी की है, रोती तू है?"

"रडत नाय, खाला. ऊन लागतंय."

"ऊन तो सबकूच लगता. जा, घर में जाको बैठ, मैं देखती तेरा पिंप."

"आई घरात येऊ देत नाय."

खाला हसली. "अच्छा हुआ. मेरी अम्मा भी मेरी शादी में मेरी बहन कू ऐसेच भगाती थी. खाती बहुत थी वो." मग तिनं पदराखालून दोन शेंगदाण्याच्या चिक्क्या काढल्या आणि एक मला दिली. मी ती खाल्ली. चांगली होती. चांगली होती हे लक्षात राहिलंय, आणि त्या दिवशी मला कसली चव लागायला नको होती असं वाटल्याचंही.

मधे एक दिवस आई मला घेऊन कोपऱ्यावरच्या दत्तूमामाच्या सायकलच्या दुकानात गेली. दत्तूमामा आमचा नात्यातला कुणी नव्हता. पैठणकडचा माणूस, शहरात कारखान्यात काम मिळेल म्हणून आला, मिळालं नाही, मग पंक्चर काढत बसला. आई त्याला राखी बांधायची, एवढंच नातं. तो चाक उलटं धरून ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बघत होता. ते घमेल्यातलं पाणी इतकं काळं होतं की बुडबुडा दिसायलासुद्धा नशीब लागायचं.

"दत्तू," आई म्हणाली, "शैलाच्या मागं तू उभा राहा."

त्याला आधी कळलंच नाही. "कुठं मागं?"

"बोहल्यावर. मामा म्हणून."

"म्या?" त्यानं हात पँटीला पुसले. "अन् गोविंदराव?"

"त्याची गाडी चुकली तर."

"अवो ताई, लग्नाला तीन दिस हायेत अजून. आत्ताच कशी काय चुकंल गाडी?"

मी आईकडं पाहिलं. ती दत्तूकडं बघत होती, सरळ, न लाजता. "चुकू शकते," ती म्हणाली. "दुष्काळात गाड्यांचा भरवसा नाही. तू पांढरा सदरा धुऊन ठेव. पाणी नसलं तर माझ्याकडून ने. आणि नखं काप, ग्रीस निघत नसलं तर रॉकेलनं घास."

"व्हय ताई," दत्तूमामा म्हणाला. "लई मोठं काम देयलात. पर गोविंदराव आले तर मी आपला बाजूला."

"आला तर हो बाजूला."

तिथं मला कळलं. नाना गेले असते तरी सुतकात मामा आला नसताच, पण गाडी चुकण्याचं ती ज्या तऱ्हेनं बोलली त्यावरून तिच्या मनात नाना नव्हते, मामाच होता. मग मला फाटकाजवळची ती दुपार दिसली. मी कार्ड वाचत होते म्हणजे मजकूर माझ्या बाजूला होता. पत्ता आईच्या बाजूला होता. पत्त्यावर ती लांब रेघ नव्हती. माहेरचा शिक्का आणि दुसऱ्याचं अक्षर. नाना गेले असते तर मामानंच लिहिलं असतं. तिनं एक शब्द न वाचता, एक शब्द न ऐकता सगळं वाचलं होतं, आणि मग मला तोंड उघडू नको म्हणाली होती. ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती ती कळेल म्हणून नव्हे. कळलेलं नक्की होईल म्हणून.

परत येताना ती म्हणाली, "येसराचं पीठ कमी पडेल का गं?"

"नाही पडणार."

"नाही पडणार," ती म्हणाली. आम्ही घरी आलो.

सुजाताला हे सांगत होते तेव्हा तिनं लिहायचं थांबवून विचारलं, "काकू, त्या रडल्या कधी?" मी म्हटलं, मला दिसलं नाही. तिला ते अपुरं वाटलं असावं. पण मी न पाहिलेलं लिहून द्यायला तयार नाही, आणि तिच्या कामातसुद्धा ते चालू नये.

लग्न झालं. टँकरनं शब्द पाळला. बुंदी होती, पुऱ्या होत्या, वांग्याची भाजी, वरणभात आणि मठ्ठा. पत्रावळी आणि द्रोण, म्हणजे भांड्यांचं पाणी वाचलं. गुरुजींनी विचारलं, "मुलीचे मामा कोण?" आणि दत्तूमामा पुढं आला. पांढरा सदरा, तेलानं चापून बसवलेले केस, आणि जवळ आला की रॉकेलचा वास. शैलाताईनं मान वळवून मांडवाच्या दाराकडं पाहिलं.

"मामा का नाही आला, आई?"

"वर बघ. काजळ पसरेल."

"पण काही कळवलं का त्यानं?"

"वर बघ म्हटलं ना."

अक्षता पडल्या. पंगतीत मी मठ्ठा वाढत होते. नवऱ्या मुलाची आई पहिल्या रांगेत बसली होती. सगळं नीट झालं होतं म्हणून तिला बोलायला काहीतरी हवं होतं. ती आईला म्हणाली, "सख्खा मामा भाचीच्या लग्नाला येत नाही, हे नवलच म्हणायचं. आमच्याकडं मामा आठ दिवस आधी येऊन मांडव घालतो."

आई पुरी वाढत होती. तिनं थांबून पुरी पानात नीट ठेवली. "आमच्याकडं दुष्काळ आहे, विहीणबाई," ती म्हणाली. "सध्या माणसांना विहिरी सोडून येता येत नाही."

माझ्या हातातला मठ्ठा पत्रावळीच्या बाहेर सांडला. कोण गेलं ते तिनं ओळखलं होतं, कसं गेलं ते तिला माहीत नव्हतं. "अगं, सांभाळ," विहीणबाई म्हणाल्या, "पाण्यासारखं सांडतेस." पंगतीत हशा झाला. आईही हसली.

वरात गेली, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव उतरवून झाल्यावर आई दाराबाहेर येऊन उभी राहिली. वडील तिच्या मागं. तिनं आठवड्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"आता काढ ते. मोठ्यानं वाच."

मी फटीतून कार्ड काढलं. बाहेर राहिलेली कड उन्हानं पिवळी पडली होती, त्यावर एक कोळी होता. तो झटकला आणि वाचलं. विहिरीपाशी आले तेव्हा आई म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.

"विहीर," ती म्हणाली. वडिलांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं बाजूला केला, रागानं नव्हे, तिला हात मोकळे हवे होते म्हणून. तिनं कार्ड माझ्याकडून घेतलं, फाडलं, परत फाडलं, आणि तुकडे कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकायला स्वतः गेली. आली ती सरळ मोरीत. पाणी अंगावर ओतल्याचा आवाज आला, मग थांबला, मग बराच वेळ आला नाही. मी बाहेरून विचारलं, अजून बादली देऊ का. ती म्हणाली, नको, तुझ्या वडिलांना लागेल.

सुजातानं मला तो मजकूर आठवेल तसा लिहून मागितला. मी लिहून दिला. तिनं वर पेन्सिलीनं "स्मरणातून" असं लिहिलं आणि तो कागद बाकीच्यांपासून वेगळ्या पाकिटात ठेवला. बरोबर केलं. कार्ड आणि आठवण एका तारेवर लावू नयेत.

कार्ड फाडल्याच्या दुसऱ्या दिवशी आई आणि मी परभणीच्या एसटीत बसलो. वाटभर दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, एकाही झाडाखाली गुरं नाहीत. आई खिडकीशी बसली होती आणि तिनं मांडीवर बुंदीचा डबा धरला होता. मी म्हटलं, खाली ठेव, हात दुखेल. तिनं ठेवला नाही.

नाना ओसरीवर बाजेवर बसले होते. शेजारची एक बाई त्यांना दोन वेळचं आणून देत होती. पाय धुवायला पाणी मिळालं नाही, प्यायला तांब्याभर मिळालं, तेही बैलगाडीतल्या टाकीचं, कोमट. आई त्यांच्या पायाशी बसली. तिच्या बांगड्यांचा आवाज त्यांनी ओळखला.

"मालती?"

"हो, नाना."

त्यांनी बाजेची कड धरून पाय खाली सोडले. मग म्हणाले, "कार्ड पोचलं होतं?"

"पोचलं होतं."

"लग्नाच्या आधी?"

"आधी."

"त्या मास्तराला मी सांगितलं होतं," नाना म्हणाले. "लग्न होऊ दे, मग टाक. ऐकलं नाही. म्हणला, बहिणीला कळवायला पाहिजे." त्यांचा हात चाचपडत आईच्या डोक्यापर्यंत आला. "तू वाचलंस का?"

"नाही वाचलं."

"शहाणी." हात तिथंच राहिला. "मग झालं नीट?"

आई सांगायला लागली. मांडव कसा होता, मुलगा किती उंच, शैलाची साडी कुठल्या रंगाची, पंगती किती उठल्या, मठ्ठा कसा झाला होता. मधे ती चुकली की मी दुरुस्त करायची. नाना मधूनमधून विचारायचे, गुरुजी कुठले, सनई होती का, विहीण कशी आहे. मामाच्या जागी कोण उभं राहिलं हे त्यांनी विचारलं नाही आणि आईनं सांगितलं नाही. ऊन ओसरीतून अंगणात उतरलं. अंगणाच्या पलीकडं रान होतं आणि रानात विहीर होती. तिच्या काठावर उपसलेला दगडमातीचा ढीग बसल्या जागेवरून दिसत होता. आमच्यापैकी कुणी तिकडं पाहिलं नाही. नानांना दिसतच नव्हतं.

आईचं सांगून संपलं. डब्यातली बुंदी तिनं त्यांच्या तळव्यावर ठेवली, त्यांनी ती मूठ मिटून तशीच धरली.

"अन् पाणी?" ते म्हणाले. "पाणी पुरलं का?"

"पुरलं, नाना," आई म्हणाली. "उरलंसुद्धा."